काढून टाकलेले सात फलक: कॉलेजच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,

सप्रेम नमस्कार.

आपल्या या अमेरिकन कॉलेजच्या नव्या क्रीडा संकुलातल्या वारसा दालनासाठी आमच्या पाच जणांच्या समितीनं दीड वर्ष खपून २४ फलकांचा मजकूर तयार केला होता. गेल्या महिन्यात छपाईला गेलेल्या यादीत १७ फलक आहेत. काढलेले सात कोणते, हे मी एकेक करून ताडून पाहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैदानावर जखमी झालेल्या आणि जीव गमावलेल्या मुलांचा फलक गेला. कृष्णवर्णीय खेळाडूंचे दोन गेले. मुलींच्या खेळाचे दोन गेले. खेळातल्या पैशांवरचा एक गेला. आणि विद्यार्थ्यांनी स्वतः वर्गणी काढून कॉलेजातला खेळ उभा केला हे सांगणारा, दाराशीच लागणार होता तो पहिला फलकही गेला.

आपल्या ज्या पत्रकात ही यादी आहे, त्याच्याच शेवटी दोन ओळींत आणखी एक निर्णय आहे. विद्यार्थ्यांच्या जुन्या क्रीडा मंडळाच्या दप्तराच्या ६३ पेट्या दुसऱ्या राज्यातल्या भाड्याच्या गोदामात हलवायच्या, आणि 'पुढील सूचनेपर्यंत' त्या पाहायला मिळणार नाहीत.

या दोन्ही निर्णयांबद्दल मी आपल्याला इंग्रजीत दोन पत्रं पाठवली. दोन्हींची पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं पत्र उघड लिहिते आहे, आणि माझ्या भाषेत लिहिते आहे. आपल्या कॉलेजात आज कितीतरी मराठी घरांतली मुलं शिकतात, खेळतात. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात आजच पोचती केली आहे.

मी कोण, हे आपल्यापैकी काहींना माहीत आहे. मी १९ वर्षं आपल्या ग्रंथालयात काम केलं, त्यातली ११ जुन्या कागदपत्रांच्या विभागात. त्या ६३ पेट्यांमधला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या हातून गेला आहे. मुलांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या जमाखर्चाच्या वह्या, चिकटवह्यांत डकवलेली सामन्यांची तिकिटं, नाचाच्या संध्याकाळची कार्डं, आगगाडीची वेळापत्रकं, घरी पाठवायची राहून गेलेली पत्रं. सुरुवातीला माझ्यासाठी ते काम होतं. नंतर ती मुलं माझ्या ओळखीची झाली. माझी मुलगीही आपल्याच कॉलेजात चार वर्षं बास्केटबॉल खेळली, त्यामुळे मी या प्रश्नाकडे नुसती निवृत्त कर्मचारी म्हणून पाहू शकत नाही.

आधी पहिल्या फलकाबद्दल बोलते, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे होते.

आता दारावर जे वाक्य येणार आहे ते असं सुचवतं की कॉलेजनं विद्यार्थ्यांना खेळ दिले. हे खरं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेजांनी मुलांना दिलं होतं ते म्हणजे पहाटेची सक्तीची प्रार्थना, लॅटिन-ग्रीकचं पाठांतर, आणि वर्गात उभं राहून ते घडाघडा म्हणून दाखवणं. प्रार्थनेची सक्ती हार्वर्डनं १८८६ मध्ये उठवली, येलमध्ये ती त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली. या दिनक्रमात मुलांनी आपली अशी एक जागा शोधली. वादविवाद मंडळं, ग्रीक अक्षरांच्या नावांचे बंधुसंघ, आणि खेळ. १ जुलै १८५९ रोजी ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांची मुलं पिट्सफील्डला बेसबॉल खेळली. ॲमहर्स्टनं ७३ विरुद्ध ३२ असा सामना जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी तीच दोन कॉलेजं बुद्धिबळाला बसली. ही बुद्धिबळाची गोष्ट मला फार आवडते. चढाओढ त्यांना हवी होती, मग ती पायांची असो की डोक्याची. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकच्या मैदानावर रटगर्स आणि प्रिन्स्टनची पंचवीस-पंचवीस मुलं समोरासमोर आली. त्यांच्यात ना कोणी प्रशिक्षक होता, ना गणवेश. रटगर्सनं सहा गोल केले, प्रिन्स्टननं चार. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा जन्म ज्या सामन्यापासून मोजतात, तो हा. आज या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, पण त्या सामन्यात तशी मनाई होती.

हे सगळं मुलांनी मुलांसाठी केलं. कप्तान निवडून यायचा, व्यवस्थापक निवडून यायचा, आणि तो खोल्याखोल्यांतून वर्गणी गोळा करत फिरायचा. आपल्या दप्तरातल्या वह्यांत कोणी वर्गणी बुडवली त्याचीही नोंद आहे. मराठी वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्यानं गल्लीतल्या गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं हातात धरली आहेत त्याला ती वही लगेच कळेल. प्राध्यापकांचा सहभाग बहुतेक वेळा रजा नाकारण्यापुरता होता. कॉर्नेलचे अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांनी मिशिगनशी फुटबॉल खेळायला क्लीव्हलंडला जाऊ पाहणाऱ्या तीस जणांना अडवलं ते, हवेची पिशवी हलवायला चारशे मैल कशाला जायचं, असं म्हणून. अपवाद होते. ॲमहर्स्टनं १८६१ मध्ये डॉ. एडवर्ड हिचकॉक यांना शरीरस्वास्थ्य आणि व्यायामाचे प्राध्यापक नेमलं, आणि त्यांनी पुढे अनेक दशकं मुलांची उंची, छाती, दंड मोजून ठेवले. पण तो व्यायाम होता. खेळ मुलांचा होता.

त्या स्वातंत्र्याची काळी बाजूही आम्ही त्याच फलकावर लिहिली होती, हे आपल्याला आठवत असेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांवर तुटून पडायचं, एका काठीसाठी शंभर-शंभर जणांनी झोंबायचं, नव्यांना रात्री डोळे बांधून न्यायचं. १८७३ मध्ये कॉर्नेलचा मॉर्टिमर लेगेट हा विद्यार्थी बंधुसंघाच्या दीक्षाविधीत रात्री दरीत पडून गेला. आज ज्याला आपण रॅगिंग म्हणतो ते तेव्हा वार्षिक परंपरा म्हणून साजरं होत होतं. आम्ही काही लपवलं नव्हतं, म्हणूनच मुलांचं श्रेय त्यांना देण्याचा आम्हाला हक्क होता.

आता जखमींच्या फलकाबद्दल. समितीच्या बैठकीत आपल्या प्रतिनिधींनी सांगितलं की आनंदाच्या प्रसंगी असा उदास मजकूर नको. मी तेव्हा गप्प बसले. ते चुकलं माझं.

फुटबॉलचा खेळ जीवघेणा आपोआप झाला नाही, तो नियमांतून झाला. येलच्या वॉल्टर कँप यांच्या आग्रहानं १८८० मध्ये एका बाजूला अकरा खेळाडू ठरले आणि चेंडू एका संघाच्या ताब्यात ठेवून डाव सुरू करण्याची पद्धत आली. पुढच्याच वर्षी येल आणि प्रिन्स्टननं चेंडू नुसता धरून बसून एक अख्खा सामना वाया घालवला, म्हणून १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याची अट घातली गेली. मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा आल्या त्या तेव्हापासून. अट साधी दिसते. पण पाच यार्ड मिळवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे सगळ्यांनी एकत्र येऊन समोरच्या एका माणसावर कोसळणं. १८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकडायला परवानगी मिळाली, खेळाडू आणखी दाटीनं उभे राहू लागले, आणि मैदानाच्या मध्यभागी माणसांचे ढीग पडू लागले.

१८९२ च्या नोव्हेंबरात स्प्रिंगफील्डला हार्वर्डनं येलविरुद्ध 'उडती पाचर' वापरली. ती रचना लॉरिन डीलंड यांच्या डोक्यातून निघाली होती. डीलंड बुद्धिबळाचे शौकीन, फुटबॉल स्वतः कधी खेळलेले नव्हते. लांबून पळत येणाऱ्या दोन रांगा पाचरीच्या टोकासारख्या एकत्र यायच्या आणि तो सगळा वेग समोरच्या एका मुलावर आदळायचा. शिरस्त्राण नव्हतंच, डोकं वाचावं म्हणून मुलं केस वाढवत. काही महिन्यांत देशभरच्या संघांनी पाचर उचलली, आणि १८९४ मध्ये नियम बदलून ती बंद करावी लागली. त्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्याच मैदानावर हार्वर्ड आणि येलचा सामना इतका रक्तबंबाळ झाला की पुढची दोन वर्षं ते एकमेकांशी खेळले नाहीत. लष्कर आणि नौदलाच्या अकादमींचा सामना १८९४ पासून पाच वर्षं बंद होता. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी तर १८८५ मध्येच फुटबॉलवर एक वर्ष बंदी घातली होती. म्हणजे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. त्यांना जे कळत होतं ते आपण आज भिंतीवर लिहू शकत नाही, हे मला पटत नाही.

३० ऑक्टोबर १८९७ ला अटलांटात जॉर्जिया विद्यापीठाचा रिचर्ड फॉन गॅमन व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून कोसळला आणि काही तासांत गेला. राज्याच्या विधिमंडळानं फुटबॉलबंदीचं विधेयक मंजूर केलं. तेव्हा त्याच्या आईनं, रोझलिंड गॅमन यांनी, आपल्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं. माझ्या मुलाला जे सगळ्यांत प्रिय होतं ते त्याच्या मृत्यूचं निमित्त करून बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. गव्हर्नर ॲटकिन्सन यांनी विधेयकावर सही केली नाही. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या बाईंचा राग आला होता. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना कोपर डोक्याला लागून पडली, त्या रात्री तिच्या खाटेशी बसून मला ते पत्र पुन्हा आठवलं. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते पुढचा सामना कधी आहे हे विचारणारं होतं. तेव्हा रोझलिंडबाई काय म्हणत होत्या ते मला समजलं. त्यांच्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही. पण ते पत्र दालनात असायलाच हवं, आणि सन्माननीय विश्वस्तहो, ते खेळाच्या बाजूचं पत्र आहे! तेही आपण काढून टाकलं.

माझ्या मुलीला त्या वेळी तीन आठवडे खेळू दिलं नाही, कारण तसा नियम होता. असे नियम येण्याआधी बरीच मुलं मेली आहेत. १९०५ च्या एकाच हंगामात किमान १८ जण गेले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून समज द्यावी लागली, १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि आज ज्या संघटनेच्या नियमांनी आपले संघ खेळतात तिची सुरुवात झाली. आज मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला ही साखळी ठाऊक असण्याचा हक्क आहे.

कृष्णवर्णीय खेळाडूंच्या दोन फलकांबद्दल आपलं कारण 'थेट आपल्या कॉलेजशी संबंध नाही' असं होतं. मग रटगर्सच्या १८६९ च्या सामन्याचा फलक कसा राहिला? त्याचाही आपल्याशी थेट संबंध नाही. विल्यम हेन्री लुईस यांचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले. ते ॲमहर्स्टकडून खेळले, १८९१ मध्ये कप्तान झाले, मग हार्वर्डला कायदा शिकताना मध्यभागी खेळून १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडले गेले. तो मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे १९११ मध्ये ते अमेरिकेचे सहायक ॲटर्नी जनरल झाले. आणि ज्या वर्षी लुईस हार्वर्डकडून खेळत होते त्याच वर्षी, २७ डिसेंबर १८९२ ला, नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्झबरीला बर्फ पडत असताना बिडल आणि लिव्हिंगस्टन या दोन कृष्णवर्णीय कॉलेजांनी आपसांतला पहिला सामना खेळला. त्यांनीही वर्गणी काढून चेंडू आणला होता. पहिल्या फलकावरची वर्गणी आणि ही वर्गणी एकच होती, फक्त एका वर्गणीमागे खूप जास्त पोटाला चिमटा होता. म्हणून तो फलक तिथे होता.

मुलींच्या फलकांवर मी सगळ्यांत जास्त मेहनत घेतली होती, ते मान्य करते. १८७३ मध्ये बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून सांगितलं की मुलांच्या बरोबरीनं शिकलं तर मुलींची प्रकृती ढासळते. स्त्रियांच्या कॉलेजांनी त्याला दिलेलं एक उत्तर म्हणजे व्यायामशाळा. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डला १८ विद्यार्थ्यांसाठी पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला, आणि जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो लगेच मुलींच्या हाती दिला. मैदानाचे तीन भाग, चेंडू हिसकायचा नाही, अशी त्यांनी नियमांना मुरड घातली. २२ मार्च १८९३ च्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. ४ एप्रिल १८९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डच्या मुलींनी बर्कलीच्या मुलींना २-१ असं हरवलं, तेव्हाही शेकडो बायका पाहायला होत्या आणि पुरुष एकही नव्हता.

या फलकात एक मराठी नाव होतं. आनंदीबाई जोशी. त्या खेळाडू नव्हत्या, आणि आम्ही तसं म्हटलंही नव्हतं. पण डॉ. क्लार्क यांच्या पुस्तकाला दहा वर्षं झाली असताना, १८८३ मध्ये, अठरा वर्षांची एक मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होते, थंडीशी आणि खोकल्याशी झुंजत ११ मार्च १८८६ ला पदवी घेते, तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून येतात, आणि वर्षभरात पुण्यात ती मुलगी जग सोडून जाते. 'विद्यार्थिनीचं शरीर' हा त्या काळचा वाद तिच्या गोष्टीशिवाय पुरा होत नाही, असं समितीतल्या अमेरिकन सहकाऱ्यांनीच सुचवलं होतं. तिच्या अस्थी पोकिप्सीला आहेत. त्याच गावात व्हॅसर हे तेव्हा फक्त स्त्रियांचं असलेलं कॉलेज, आणि तिथल्याच हडसनच्या पात्रात १८९५ पासून कॉलेजांच्या नौकाशर्यती होत. माझी मुलगी लहान असताना मी तिला आनंदीबाईंच्या समाधीचा दगड दाखवायला नेलं होतं. यादीतून तो फलक गेल्याचं तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

पैशांचा फलक का गेला ते मला कळतं. १८९३ च्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला न्यूयॉर्कमध्ये येल आणि प्रिन्स्टनचा सामना पाहायला चाळीस हजारांच्या घरात लोक जमले होते. तिथून खेळ मुलांच्या हातून निसटायला लागला. १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा फील्डिंग योस्ट हा विद्यार्थी पेनसिल्व्हानियाविरुद्धच्या एका सामन्यापुरता लाफायेटचा विद्यार्थी झाला, आणि लाफायेट जिंकलं. देणगीदारांच्या नावांनी भरलेल्या दालनात हे अवघड वाटणार. तरीही ते खरं आहे.

राहिल्या ६३ पेट्या. त्या वाचल्याशिवाय यापुढे कोणालाही आमचं म्हणणं खरं की खोटं ते तपासता येणार नाही. आपल्या इतिहास विभागाचे विद्यार्थी दर वर्षी त्यांवर प्रबंध लिहीत आले आहेत. गोदामातल्या पेटीवर कोण लिहिणार?

माझ्या मागण्या अशा. सातही फलक मूळ मजकुरासह परत लावावेत. जागा कमी असेल तर १७ मधले चषकांचे फलक आखडावेत, ही तडजोड समितीला मान्य आहे. दारावरचं वाक्य बदलावं आणि त्यात 'विद्यार्थ्यांनी उभा केलेला खेळ' हे शब्द असावेत. पेट्या ग्रंथालयातच राहाव्यात, आणि जागेची अडचण खरी असेल तर हलवण्याआधी त्यांची छायाचित्रं काढून सर्वांना खुली करावीत. त्या कामाला मी आणि आणखी चार निवृत्त सहकारी एक पैसाही न घेता येऊ. आणि फलक काढण्याचा निर्णय कोणी, कोणत्या बैठकीत, कोणत्या कारणानं घेतला, ते लेखी कळवावं.

छपाई अजून सुरू झालेली नाही, हे मी छापखान्यात फोन करून विचारलं आहे. पेट्या न्यायला गाडी पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला येणार आहे. त्याआधी आपली बैठक आहे. त्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलू द्यावं, अशी विनंती आहे. येताना मी १८९० च्या दशकातली ती वर्गणीची वही घेऊन येईन, म्हणजे आपल्याला ती हातात घेऊन पाहता येईल.

आपली नम्र,
ग्रंथालयातली एक निवृत्त कर्मचारी आणि आपल्या एका माजी खेळाडूची आई